वरून दिसणारं टेबल

किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याच त्या माणसांना एका कॉलवर बसवा, ते आपोआप साचतात. आमच्याकडचे ऐकताना मात्र लोक हसायला म्हणून तोंड उघडतात आणि मग तसेच थांबतात.

आधी खेळ सांगतो. गोष्ट मी रचतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि डाव जमला की फसला ते फासे ठरवतात. पात्रांचे बोटभर पुतळे मी स्वतः रंगवलेत. ते हडपसरला माझ्या डायनिंग टेबलावर उभे असतात, वर स्टँडला फोन लावलेला. खेळाडू आपापल्या घरून बघतात, म्हणतात, "मला पुलापाशी ने," आणि मी नेतो.

म्हणजे त्यांना माझे फक्त हात दिसतात. एकदा मी पुतळे मांडत होतो तर मुग्धा म्हणाली, "मिलिंद, अंगठी कुठंय?"

"काढली."

"साफ करायला?"

"नाही."

माझ्या घटस्फोटाची बातमी अशी ग्रुपला माझ्या आईच्या आधी कळली.

*

ही मुग्धा खराडीला आयटीत होती आणि ऑफिसच्याच लॅपटॉपवरून खेळायची. ऐन लढाईत, तिची पाळी असताना, स्क्रीनवरून ती गायब झाली. निखिल म्हणाला, "नेट गेलं असेल."

थोड्या वेळानं फोनवरून तिचा मेसेज आला. "नेट नाही, नोकरी गेली. लॅपटॉप त्यांनी तिकडूनच बंद केला. माझा वार तू कर."

मी तिच्या नावानं फासे टाकले. राक्षस पडला. तसं कळवलं तर म्हणाली, "चला, आज कुणीतरी दुसरंही पडलं."

*

निखिल जर्मनीत एकटा असतो. आमचा खेळ संपतो तेव्हा त्याची जेवायची वेळ होते. एकदा मी फोन काढायला हात वर केला तर म्हणाला, "राहू दे ना कॅमेरा. मी जेवून घेतो."

"अरे, पुतळे डब्यात गेले. टेबल रिकामं आहे."

"असू दे. मधूनमधून तुझा चहाचा कप तरी दिसतो."

तेव्हापासून त्याचं जेवण होईपर्यंत मी चहा घेत बसतो.

*

तिसरे खेळाडू खडकीचे काका. शाळेत मला गणित शिकवणाऱ्या बाईंचे हे यजमान. काकांचं विसरणं वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, डोक्याला काहीतरी काम द्या. म्हणून बाई त्यांना फोनसमोर बसवतात आणि स्वतः मागच्या खुर्चीत थांबतात.

एकदा माझ्या हातून काकांचा शिपाई खाली पडला आणि त्याचा हात तुटला. मी म्हणालो, "सॉरी काका, नवा रंगवतो."

काकांनी आपला पंजा कॅमेऱ्यासमोर धरला. दोन बोटं नव्हती. "मशीनवर गेली. मला कुठं कुणी नवा रंगवला? खेळू द्या त्याला."

*

बाईंचा मुलगा अमेय बाइकच्या अपघातात गेला. काका ते विसरायचे आणि "अमेय कुठंय?" म्हणून विचारायचे. बाई खरं सांगायच्या, आणि काका प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडायचे. शेवटी बाईंनी सांगणं सोडलं. "बंगळूरला आहे, कामात आहे," एवढंच म्हणायला लागल्या. मला फोनवर म्हणाल्या, "शाळेत कधी खोटं बोलले नाही रे. आता रोज बोलते."

त्यानंतरच्या एका शुक्रवारी गोष्टीत किल्ला आला. त्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याची अट अशी, की आजवर कुणालाही न सांगितलेलं काहीतरी त्याला सांगायचं, तरच आत सोडणार. मुग्धानं राजाचा घोडा चोरल्याचं सांगितलं. निखिलनं कुठल्यातरी राजकन्येचं काहीतरी रचलं. मग काकांची पाळी आली.

काका नुसते पुतळ्यांकडे बघत राहिले. आम्हाला वाटलं, काय चाललंय ते विसरले. मग ते फोनजवळ वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझा मुलगा वारला. हिला बोलू नका. तिला वाटतं, तो बंगळूरला आहे. रोज सांगते मला. मी हो म्हणतो."

मागच्या खुर्चीतल्या बाई आम्हाला सगळ्यांना दिसत होत्या. माझा हात पहारेकऱ्यावरच राहिला होता.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग वर्गात बोलायच्या तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "मिलिंद, दार उघड."