सव्वा मूठ तापीची

सूड म्हटला की सज्जन कानावर हात ठेवतात. ठेवोत. दोंडाईच्याच्या सुलक्षणेने वर्षभर सूड जपला, तुळशीसारखा, रोज पाणी घालून. कारण त्याच्या मुळाशी माया होती, आणि जिच्यावर ती माया, ती लेक तिने अजून डोळ्यांनी पाहिलीही नव्हती.

खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ मोजायचे आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याला कण नाही. गेल्या श्रावणात सुलक्षणेने सर्वांच्या मुठी झाल्यावर आणखी एक मूठ सुपात टाकली. दत्तक मुलासाठी नाव नोंदवले होते. मूल कोणते, कुठले, काहीच ठाऊक नव्हते. पण ओटीत नसलेले लेकरू मनात नांदत होते, आणि नांदते त्याची मूठ नको?

मोठी जाऊ भिकुबाई भाऊबंदांसमोर कडाडली, "ज्यानं रगत आपलं नही, त्यानी मूठ कशी?" आणि ते गहू सुपातून काढून तिने अंगणात कोंबड्यांपुढे फेकले. सासरे चुडामणआबा खाली बघत राहिले.

सुलक्षणा रडली नाही. कोंबड्यांच्या चोचीतून वाचलेले दाणे तिने वेचून पदराच्या गाठीत बांधले. दिवाळीनंतर नवऱ्याने, अमृतने, ते बांधाकडेला पेरले. ओंब्या भरल्या तेव्हा तिने स्वतः कापल्या, स्वतः मळल्या. दाणा दाणा निवडताना ओठांवर नाम देवीचे आणि मनात चेहरा भिकुबाईचा! हीही एक साधनाच म्हणायची.

आषाढात जळगावच्या संस्थेतून मोबाइलवर फोटो आला. दीड वर्षाची मुलगी, कपाळावर जावळ, एका पायातला मोजा टाचेवरून निसटलेला. त्या मोज्याने सुलक्षणेचा जीव वेडा केला. भाकरी थापता थापता ती थांबे, "अहो, कोणी वर ओढला असेल का हो तो?" मुलीचे नाव तिने तापी ठेवले. सूर्याची लेक, पोळेल, पण आटणार नाही. आणायला जायचा दिवस ठरला, कानबाईच्या विसर्जनानंतरचा मंगळवार.

इकडे दैवानेही सुलक्षणेच्या हातात शस्त्र दिले. भिकुबाईची लेक सरिता सोनगीरचे सासर कायमचे सोडून तान्ह्या कुंदनला घेऊन माहेरी आली होती. लेकीचे लेकरू म्हणजे दुसऱ्या कुळाचे.

श्रावणात रोटाचे गहू मोजायला सुरुवात झाली. भिकुबाईने कुंदनच्या नावाची मूठ भरली, तोच सुलक्षणेने तिचे मनगट धरले. वर्षभर धार लावलेला शब्द ओठांवर आला: परकं रगत!

तेवढ्यात सरितेच्या मांडीवर कुंदनने जांभई दिली. सुलक्षणेला दिसले, हा शब्द भिकुबाईला लागण्याआधी त्या लेकराला लागेल. जसा तिच्या तापीला, घरी येण्याआधीच, लागला होता. तिने धार वळवली. सूड सोडला नाही.

"कुंदननी मूठ मी टाकस, अक्का," ती म्हणाली. तिने टाकलीही, शिगोशीग. मग बांधाकडेच्या गव्हाची पिशवी भिकुबाईपुढे सोडली. "आते मन्ही तापीनी मूठ तुम्ही टाका. ह्या तेच गहू शेतस."

भिकुबाईने आबांकडे पाहिले. आबांनी या खेपेला मान वर केली. "टाक, सूनबाई. मांगला साले मीच बोलाले पाह्यजे व्हतं."

मुठीतून गहू सुपात पडले. "तापी," भिकुबाई पुटपुटली.

"जोरमा म्हना, अक्का. कोंबड्यास्ले भी ऐकू जाऊ द्या."

"तापी!" सगळ्या भाऊबंदांनी ऐकले. देवीनेही ऐकले असणार.

सोमवारी कानबाई नदीत पोचली. मंगळवारी पहाटे सुलक्षणेने रोटाचा तुकडा स्वच्छ फडक्यात बांधला. रोट घरच्यांनीच खायचा, आणि तापी आता घरची होती. पिशवीत लहानसे मोजे ठेवले, टाचेला घट्ट बसणारे. दारात भिकुबाई उभी होती.

"आजून राग शे का तुले?"

"शे, अक्का," सुलक्षणा चप्पल घालत म्हणाली. "तापीना दातखाले हाऊ तुकडा जाई, तवलोंग ऱ्हाई."

आणि ती जळगावच्या गाडीकडे चालू लागली.