खळ्यावरची मोटार

मी माफ करणारी बाई नव्हे. म्हातारपणी माणूस निवळतं म्हणतात, माझं तसं काही झालेलं नाही. त्या फुलपाखरंवाल्या वकिलाची आठवण झाली की आजही माझं डोकं तापतं.

माझं माहेर नाते गावचं, मी चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन आले ती पोलादपूरच्या वरच्या अंगाला, उमरठपलीकडच्या एका वाडीत. नवरा मुंबईला गिरणीत, घरात मी आणि सासू. वाडीच्या वर देवराई होती आणि तिच्यातून ओहोळ वाहायचा. पाऊस सरला की त्या ओहोळाच्या काठी फुलपाखरांचे थवेच्या थवे बसायचे. आम्हाला त्याचं कौतुक नव्हतं. भातकापणीच्या दिवसांत मान वर करायला सवड कुणाला?

वकील मुंबईचा. आपलाच, मराठी बोलणारा. कुणीतरी त्याला आमच्या देवराईचं सांगितलं, आणि कापणीच्या ऐन भरात तो मोटार घेऊन आला. बैलगाडीची वाट आमच्या दारापर्यंत येऊन संपते. पुढे पायवाट. मग मोटार ठेवायची कुठं? त्याला आमचं खळं दिसलं. सपाट, स्वच्छ, नुकतं सारवलेलं.

ते खळं सासूनं आठ दिवस खपून केलं होतं. माती आणली, पाणी मारलं, चोपण्यानं चोपली, वर शेणाचे तीन हात दिले. दर वर्षी पहिली पेंढी देवाला दाखवून तिथंच मळणी व्हायची. खळ्यावर आम्ही चपला घालून जात नाही. देव्हारा तसं खळं.

आम्ही दोघी शेतातून आलो तर मधोमध मोटार उभी. चाकांनी वळताना खळं उखणून टाकलेलं, खाली तेल गळलेलं. ड्रायव्हर सावलीत पाय पसरून बसला होता.

सासू म्हणाली, "आरं बाबा, ह्ये खळं हाय."

"मावशी, सपाट जागा दिसली, लावली," तो म्हणाला. उठलासुद्धा नाही मेला.

तेवढ्यात वकील देवराईतून उतरला. एका हातात जाळं, दुसऱ्या हातात बूट. गुरवानं सांगितलं म्हणून देवराईत अनवाणी फिरला होता, आणि ते त्यानं आम्हाला मोठ्या अभिमानानं सांगितलं. मग खळ्याकडे बघून म्हणाला, "आजी, जागा छान ठेवली आहे हो. पुढल्या वर्षीही येईन." आणि गेला. देवापुढे बूट काढले आणि आमच्या अन्नावर चाकं घातली. शहाणा माणूस!

मोडलेलं खळं पुन्हा चोपून वाळेपर्यंत दिवस जाणार. दुसऱ्यांच्या खळ्यावर आमची पाळी सगळ्यांत शेवटी. तोवर अवकाळी पाऊस कोसळला आणि आमची रचून ठेवलेली उडवी भिजली. पेंढ्यांतल्या भाताला कोंब फुटले. वर्षाचं अन्न ते. मळलं, कांडलं, तर तांदूळ काळपट निघाला आणि कुबट. सासू एक शब्द बोलली नाही. मला तिचा राग यायचा. म्हटलं, ही बाई दगड आहे की काय.

मी मात्र वर्षभर त्याची वाट बघितली. माहेरपणालाही गेले नाही.

तो आला. आणि आला तो सोमवारी. मी पदर सावरून पुढे झाले आणि गोड आवाजात म्हटलं, "वकीलसाहेब, खळं ओलं आहे. खालच्या खाचरात लावा, कापणी झालीय तिथली." खाचर वरून वाळलेलं दिसत होतं. खाली ओहोळाचा पाझर, हातभर चिखल. वाडीतलं शेंबडं पोरही तिथं गाडी घालायचं नाही. मोटार पोटापर्यंत रुतली. मी गोठ्याआड जाऊन पोटभर हसले.

तिन्हीसांजेला तो वाडीभर बैल मागत फिरला. सोमवारी आमच्याकडे बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, महादेवाचा वार. कुणीही बैल सोडेना. तो माझ्याकडे येऊन कुरकुरला, "अहो, अडलेल्या माणसासाठी तरी?"

मी म्हटलं, "देवराईत बूट काढलेत ना? मग हेही पाळा."

शेवटी सासूनंच त्याला पडवीत बोलावलं, पाट मांडला, जेवायला वाढलं. माझा संताप झाला. चुलीपाशी जाऊन तिला म्हटलं, "आत्या, ह्याला कशाला घास घालता?"

"गप ऱ्हा गो," ती म्हणाली.

वकिलानं पहिला घास घेतला आणि थांबला. "आजी, भाताला वास येतो का?"

तेव्हा माझं लक्ष कोपऱ्यातल्या मडक्याकडे गेलं. त्याचं तोंड फडक्यानं बांधलेलं असायचं. आज सुटलेलं होतं. गेल्या सालचा तो काळा तांदूळ. नवीन भात घरात आलं होतं, तरी तिनं तेवढा राखून ठेवला होता. मी वर्षभर धुमसत होते आणि ही बाई वर्षभर मडकं बांधून बसली होती.

"येनारच," सासू म्हणाली. "तुमची मोटार व्हती ना खळ्यावर, तवा मळायचं ऱ्हायलेलं भात हाय त्ये."

वकिलाला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याची मान खाली गेली आणि त्यानं पान हळूच बाजूला सरकवलं.

सासूनं ते पुन्हा त्याच्यापुढे केलं.

"टाकू नका," ती म्हणाली. "आमी वरीसभर खाल्लाय."