लवूची तांबड्या धुराड्याची बोट

लालबागेत आमच्या चाळीच्या तळमजल्याला एक लांबट खोली आहे. ती एका गावाची खोली. देवगडच्या खाडीवरच्या त्या गावातले तेवीस बाप्ये तिथं पथाऱ्या टाकतात, एकाच चुलीवर जेवतात आणि मेलेजगलेल्याची खबर तिथंच येते. तिच्या शेजारच्या खोलीत लवू राहायचा, बायको मंजुळा आणि म्हातारी आई रमाबाई यांना घेऊन.

लवू पस्तिशीचा, काटक, परळच्या एका गिरणीत रंगखात्यात. सूत तांबडं करायचं काम. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. पण खोलीत त्याला मान होता तो गिरणीमुळं नव्हे. गावाकडं निघालेलं माणूस धक्क्यावर नेऊन आगबोटीत बसवायचं, हे काम बारा वर्षं त्याच्याकडं होतं. कुणी सोपवलं नव्हतं, त्यानंच घेतलं होतं. म्हातारी असो, बाळंतपणाला निघालेली पोर असो, खोकून खोकून हाडं झालेला गिरणीवाला असो, लवू पुढं आणि गाठोडी मागं. त्याला अक्षर येत नव्हतं. त्या खोलीत कुणालाच येत नव्हतं. त्यानं एकच खूण सगळ्यांकडून पाठ करून घेतली होती. धुराडं तांबडं, वर दोन काळे पट्टे, ती आपली बोट. ती देवगडला थांबते. बाकीच्या कुणाच्या का असेनात, तिकडं बघायचं नाही.

बारा वर्षांत ही खूण एकदाही चुकली नव्हती. कंपनीच्या छापील वेळापत्रकाबद्दल असं कुणी म्हणून दाखवावं.

अठराशे सत्त्याण्णवचा माघ महिना आला. गाठीचा ताप मांडवीतून सरकत सरकत लालबागेत पोचला होता. ज्याला गाव होतं तो गावाला पळत होता. गिरणीतली अर्धी माणसं गेली, मुकादम उरलेल्यांच्या पाया पडायचा. आणि नेमकी तेव्हाच आगबोट कंपनीला रंगाची हौस आली. विलायतेहून नवा साहेब आला होता. त्याला जुन्या बोटी कळकट वाटल्या. त्यानं सगळ्या बोटी खालपासून वरपर्यंत पांढऱ्याफेक करून टाकल्या. धुराडंसुद्धा पांढरं. त्यावर निळं वर्तुळ आणि वर्तुळात पंख पसरलेला एक पक्षी. ही म्हणे कंपनीची नवी निशाणी.

मग काय, जो तो त्या पक्ष्यावर बोलायला लागला. गिरगावातल्या पांढरपेशांना बोट आवडली. कुणी वर्तमानपत्रात पत्र लिहून साहेबाच्या रसिकतेची तारीफ केली, हंस कसा डौलात उडतो आहे वगैरे. शीव कोळीवाड्यातली गुणवंती टोपली घेऊन आमच्या चाळीत यायची, तिचा नवरा हरेश्वर धक्क्यावरून बोटीपर्यंत माणसं नेणारा मचवा चालवायचा. ती म्हणाली, "हंस कुठला? बगला हाय तो. आमच्या तोंडची मासली पलवतो. बोटवाल्यांनी आपलीच तसबीर काढलीया." चाळ हसली. पण ते हसणं तेवढ्यापुरतंच.

लालबागेत त्याला कुणी हंस म्हणालं नाही आणि बगळाही म्हणालं नाही. लालबागेला ते गिधाड दिसलं. ज्या दिवसांत सकाळी दार उघडताना समोरच्या खोलीचं दार उघडतंय का हे आधी बघावं लागे, त्या दिवसांत दुसरं काय दिसणार? चार दिवसांत बातमी पसरली. ही पांढरी बोट गावाला जातच नाही. मध्येच एका खाडीत थांबवतात आणि माणसं छावणीत उतरवतात. तिथं डॉक्टर सुई टोचतात. तिथून परत आलेला कुणी बघितलाय?

कुणीच बघितला नव्हता, कारण तसली छावणीच नव्हती. पण हे सांगायला कंपनीनं कुणाला पाठवलं? मराठीत एक छापील कागद धक्क्यावर चिकटवला, झालं. ज्याला वाचता येतं त्याला धुराड्याच्या रंगाची गरज नव्हती आणि ज्याला गरज होती त्याला तो कागद भिंतीच्या पोपड्यासारखाच. हजारो माणसांनी बारा वर्षं ज्या खुणेवर जीव टाकला ती पुसण्याआधी एक दवंडीवाला लालबाग-परळात फिरवायला या लोकांच्या बापाचं काय जात होतं?

आता लवूची गोष्ट. मंजुळेला आठवा सरून नववा लागला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोन मुलं जन्मतःच गेली होती. त्यात पलीकडच्या चाळीत एका दिवसात तीन माणसं गेली. रमाबाई म्हणाली, "पोराक हंय जल्माक घालू नको. आमका गावाक सोड." लवूलाही तेच हवं होतं. खोलीतली आणखी नऊ माणसं निघायची होती. सोमवारी सगळे धक्क्यावर गेले.

समोर पांढरी बोट उभी. तिकिटाच्या खिडकीशी कंपनीचा कारकून होता, शरच्चंद्र नावाचा, गिरगावात खोताच्या वाडीजवळ राहणारा, कोटाला सुरकुती न पडू देणारा तरुण. लवूनं विचारलं, "आमची बोट कधी येणार?"

"हीच तुमची बोट. देवगडलाच जाते."

"आमची तांबड्या धुराड्याची."

"अरे बाबा, रंग बदलला. पांढऱ्या रंगानं ऊन कमी लागतं. डेकवर बसणाऱ्यांना थंड वाटेल. तुमच्याच सोयीसाठी केलंय."

हे अगदी खरं होतं. पण लवूच्या मागं चाळीस माणसं उभी होती आणि सगळी त्याच्या तोंडाकडं बघत होती. तो म्हणाला, "सोय तर झालीच. मढ्यावर घालायचं कापड आधीच गुंडाळून ठेवलंत. वर गिधाडही बसवलंत, म्हणजे लांब जायला नको."

माणसं हसली. शरच्चंद्राचे कान लाल झाले. "बसायचं नसेल तर बाजूला हो. मागच्यांना येऊ दे."

मागचं कुणी पुढं सरकलं नाही. लवू वळला तशी चाळीसच्या चाळीस माणसं वळली. चाळीत परतल्यावर त्यानं सगळ्यांना पुन्हा बजावलं, "काय वाट्टेल ते होवो, पांढऱ्या बोटीत पाय टाकायचा नाही. ती किनाऱ्याला दिसली तरी लांब राहायचं." मंजुळा म्हणाली, "कोणाक तरी इचारून बघा." तो म्हणाला, "कोणाक इचारू? बारा वर्सां मीच सांगतंय."

बुधवारी दुपारी गुणवंतीच निरोप घेऊन आली. तांबड्या धुराड्याची बोट लागली होती, वर दोन काळे पट्टे. लवू रंगाच्या पिंपाजवळून तसाच उठून आला. अकरा माणसं, त्यांची गाठोडी, दीड तासात सगळी धक्क्यावर. ओहोटी होती, बोट बाहेर उभी. हरेश्वरच्या मचव्यात सगळे बसले. वाटेत हरेश्वर म्हणाला, "लवू, ही बोट इकली असं आयकलंय. वर गेल्यावं इचार जरा."

"रंग दिसत नाय तुका?"

"रंग दिसतोय रं. मालक नाय दिसत."

तिकिटं बोटीवरच मिळत होती. गर्दी इतकी की शिडीवर माणसाला माणूस चिकटलेलं. मंजुळेला त्यानं दोन्ही हातांनी वर चढवलं, आईला चढवलं, गाठोडी फेकली. कुठं जाते हे विचारायचं त्याला सुचलंसुद्धा नाही. आपल्या घराचं दार उघडताना कुणी हे घर कुणाचं म्हणून विचारतं का?

माणसं बसवून लवू नेहमीसारखा मचव्यात उतरला, मचवा परत फिरला. अर्ध्या वाटेत दुसरा मचवा आडवा आला. त्यातल्या तांडेलानं हरेश्वरला हाक मारून सांगितलं, ती बोट एका व्यापाऱ्यानं घेतलीय, रंग द्यायला सवड झाली नाही, बॉयलर जुना म्हणून लांब नेत नाहीत. दाभोळला सगळ्यांना उतरवून परत फिरते.

लवू उभा राहिला. मचवा कलला. "फिरव," तो म्हणाला.

हरेश्वरनं फिरवला, दोघांनी वल्ही मारली. बोटीनं शिट्टी दिली आणि ती चालू लागली. तांबडं धुराडं हळूहळू लहान होत गेलं. लवू वल्हं मारतच होता. शेवटी हरेश्वरनं त्याच्या हातातून वल्हं काढून घेतलं. "आगबोट हाय ती, लवू. डोल्यांनी पकडून थांबनार नाय."

दाभोळपासून देवगड म्हणजे चालत किती, हे तुम्हीच मोजा. मध्ये घाट्या, खाड्या, त्या ओलांडायच्या होड्या. नववा महिना लागलेली बाई, साठीची म्हातारी, आणि मुंबईहून आलेलं माणूस म्हटलं की गावं वेशीवर काट्या टाकत होती. बोटीचा बॉयलर जुना ही गोष्ट वेगळीच.

गुरुवारी सकाळी लवू कंपनीच्या खिडकीशी गेला. शरच्चंद्रच बसला होता. कारकुनानं त्याला ओळखलं होतं, त्यानं मुद्दाम वर बघितलं नाही. म्हणाला, "काय, गिधाडाचं दर्शन घ्यायला आलास?"

"साहेब, तुमची बोट दाभोळात थांबते?"

"तुला काय करायचंय? तू तर बसत नाहीस."

लवूनं सगळं सांगितलं. सांगताना तो खिडकीची फळी धरून उभा होता. शरच्चंद्रानं लेखणी ठेवली. हा माणूस मला तोवर नुसता इस्त्रीचा कोट वाटत होता, पण त्यानं आत जाऊन वेळापत्रक आणलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं. "शुक्रवारी पहाटे सुटते. उन्हं उतरताना दाभोळला. अर्धा तास थांबते, त्याच्यावर एक मिनिट नाही. मालाची चढउतार झाली की निघाली. पुढं देवगड. तुझी माणसं किनाऱ्यावरच असतील तर किनाऱ्याला जाणाऱ्या पडावाच्या होडीत घाल आणि वर घे. मी कप्तानाच्या माणसाला चिठ्ठी देतो. पण लवकर आटप. थांबणार नाहीत ते."

शुक्रवारी लवू त्या पांढऱ्या बोटीत चढला. डॉक्टरनं गाठ आहे का म्हणून बगला चाचपल्या, सोडला. बोट अर्धी रिकामी. दिवसभर तो कठड्याला धरून उभा. कुणी जेवायला बोलावलं, गेला नाही. प्रत्येक खाडीचं तोंड दिसलं की त्याला वाटायचं, आता वळतात की काय. ज्या छावणीची बातमी त्यानंच चाळीत चार वेळा सांगितली होती, ती आता त्यालाच प्रत्येक वळणावर दिसत होती.

बोट वळली नाही. चारच्या सुमाराला दाभोळ आलं. वाळूवर, उंडीच्या झाडांखाली माणसं बसलेली दिसली. गाठोडी ओळखीची. त्याचा जीव भांड्यात पडायला आला होता, तेवढ्यात ती माणसं उठली. बोटीकडं बघितलं, गाठोडी उचलली आणि झाडांच्या मागं निघाली. एकानं मंजुळेचा दंड धरला होता. ती वाकून चालत होती.

ती सगळी लवूचं ऐकत होती.

पडाव वाळूला लागायच्या आधीच त्यानं पाण्यात उडी टाकली. धावता धावता हाका मारत सुटला. मंजुळा आवाज ओळखून थांबली. तिचं तोंड काळं पडलं होतं. दोन दिवस वाळूत काढले होते. गाववाले लांबूनच पाण्याची घागर ठेवून जात. आदल्या संध्याकाळपासून थांबून थांबून कळा येत होत्या.

"चल," लवू म्हणाला. "बोट उभी हा. देवगडाक जाता."

रमाबाईनं बोटीकडं बघितलं. "ती?"

"होय."

"तूच सांगलंस मां, मरान पडलंव तरी तेच्यात चडूचा नाय म्हणान?"

"मी चुकलंय."

"तेवा चुकलंस काय आता चुकतंस?" म्हातारीनं विचारलं. "माका कसा कळाचा?"

बाकीची माणसं ऐकत उभी होती. पडाववाला ओरडत होता. बोटीवरचा माल उतरून झाला होता. मंजुळा मात्र सासूकडं नाही, नवऱ्याकडं बघत होती, कपड्यांकडं, तोंडाकडं, जणू काही खरचटलंय का ते तपासत होती.

"तुमी हेच्यातसूनच इलात?"

"होय."

"कोणी टोचूक नाय? खंय उतरवूक नाय?"

"नाय."

"मगे चला," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन पाण्यात उतरली. तिच्यामागून सात माणसं आली.

रमाबाई आली नाही. दोन म्हातारे तिच्याबरोबर थांबले. लवू परत वाळूवर धावला, तिचं गाठोडं उचललं. तिनं ते काढून घेतलं. "तिका घेवन जा. मी चलान येतंय. सबंद गाव पायांनी जाय होतो, तेवा तुजी बोट नाय होती." शिट्टी झाली. पडावात मंजुळेनं ओठ चावून धरले होते. लवू एकदा आईकडं, एकदा पडावाकडं असा गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पडाववाल्यानं वल्हं पाण्यात घातलं तसा तो पडावाला लोंबकळला आणि वर चढला.

सकाळी देवगडला उतरल्यावर धक्क्यामागच्या मांगरात, शाकारलेल्या छपराखाली, मंजुळा बाळंत झाली. मुलगी. रडली. लवू बाहेर बसून ते रडणं बराच वेळ ऐकत होता आणि वाटेकडं बघत होता.

रमाबाई नातीच्या बारशाच्या आदल्या संध्याकाळी गावच्या घरी पोचली. पाय सुजून पखालीसारखे झाले होते, एका म्हाताऱ्याला वाटेत जयगडला सोडावं लागलं होतं. तिनं अंगणात पाय धुतले, आत गेली आणि नातीला मांडीवर घेतलं. मंजुळेची चौकशी केली, दुधाची केली, शेजाऱ्यापाजाऱ्यांची केली. लवू दारात उभा होता. त्याच्याशी ती शिमगा उलटेपर्यंत बोलली नाही.