तळघरातली मोटर

पंपशेठांशी संसार करणं म्हणजे काय, ते एकट्या वहिनींना ठाऊक. बाकी सगळं गाव त्यांच्या कौतुकात बुडालेलं.

कौतुक खोटं नव्हतं. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून या माणसानं लोकांचे बिघडलेले पंप खोलायला सुरुवात केली. मग पत्र्याची टपरी आली, मग दुकान, आणि केस पुरते पिकायच्या आत पंपांचा स्वतःचा कारखाना. पण खोड गेली नाही. कुठं मोटर कण्हताना ऐकू आली की शेठ थांबणारच. कान लावणार, बाह्या वर सारणार. पोरीच्या लग्नात पाहुणे दारात उभे आणि पोरीचा बाप कार्यालयाच्या मागं हौदापाशी उकिडवा बसलेला. वहिनींनी दातओठ खाल्ले आणि हसऱ्या तोंडानं पाहुण्यांना सामोऱ्या गेल्या.

पुढं पक्षवाले घरी आले. "शेठ, तुमचं नाव नळानळातून घरात पोचलंय," म्हणाले. शेठ विरघळले. मतांसाठी उंबरे मात्र वहिनींनीच झिजवले. टेकडीवरच्या वस्तीत नळ होते, त्यांना पाणी नव्हतं. बायका खालून हंडे चढवायच्या. तिथल्या शिवणवालीनं वहिनींना दारातच अडवलं.

"शेठ काय सांगतात ते राहू द्या. तुम्ही काय सांगता?"

"मी सांगते, पाणी येईल."

"मग तुमच्या शब्दावर मत देतेय हं. त्यांच्या नाही."

तो शब्द वहिनींच्या मानेवर जोखडासारखा बसला. शेठ आमदार झाले, हार सुकले, वर्ष सरलं. वहिनींनी उठता-बसता टुमणं लावलं तेव्हा कुठं टेकडीवर पाण्याची टाकी बांधायचा प्रश्न सभागृहात लागला. मंत्र्यांचा होकार आतून ठरलेला होता. शेठांनी फक्त नाव पुकारल्यावर उभं राहून प्रश्न मांडायचा. विचारणाराच जागेवर नसला तर प्रश्न बाद, पुन्हा पुढच्या अधिवेशनाची वाट.

"आज जागेवरून हलू नका," वहिनींनी बजावलं.

"मी काय लहान आहे?"

वहिनी शिवणवालीला घेऊन वरच्या सज्जात बसल्या. खाली शेठ इस्त्रीच्या कपड्यांत, हातात कागद घेऊन बसलेले. बरं वाटलं. मग शेठ उठले आणि पाणी प्यायला बाहेर गेले. गेले ते गेलेच. वहिनींचा जीव टांगणीला लागला. अध्यक्षांनी नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. कागद तेवढा बाकावर पडलेला. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

"वहिनी," शिवणवाली शांतपणे म्हणाली, "त्या रिकाम्या जागेवर कोण बसतं म्हणालात?"

वहिनी जिना उतरून खाली आल्या. दरवाजावरचा शिपाई आदरानं म्हणाला, "साहेब तळघरात आहेत. नळ फुरफुरत होता ना, तर म्हणाले, तुमची मोटर हवा धरतेय."

तेवढ्यात शेठच वर आले. बाह्या कोपरापर्यंत, सदऱ्यावर ग्रीसचा पट्टा, तोंडावर समाधान.

"पाइपाच्या तोंडाशी चिंधी अडकली होती. कुणाच्या लक्षात नाही. आता ऐक, कशी लोण्यासारखी चालतेय."

"तुमचं नाव पुकारलं," वहिनी म्हणाल्या.

शेठांचे हात पुसता पुसता थांबले.

शिवणवालीनं भिंतीजवळचा नळ सोडला. धार खळखळत आली. तिनं सावकाश हात धुतले, नळ घट्ट बंद केला. "पाणी चांगलं जोरात येतंय हं इथं."

परतीच्या वाटेवर गाडीत शेठांनी एकदा "अगं, पण ती मोटर जळाली असती," एवढं म्हणून पाहिलं. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. या माणसाशी भांडायचं तरी कसं? ना दारू, ना जुगार, ना बाहेरची भानगड. दुसऱ्याचं भलं करायला गेला होता. त्याचाच तर वैताग होता.

घरी पोचल्यावर त्यांनी मोटरच्या पेटीतला फ्यूज उपसला आणि कमरेला खोचला.

"टेकडीवर पाणी चढेपर्यंत आपल्या टाकीत चढायचं नाही."

"वेड लागलंय का? मी पंपवाला माणूस."

"म्हणूनच."

तारेचा तुकडा अडकवून मोटर चालू करणं शेठांच्या डाव्या हाताचा मळ. सकाळी ते पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले. वहिनी स्वयंपाकघरातून पाहत होत्या. शेवटी शेठांनी बादली उचलली.

टेकडीच्या पायथ्याच्या नळावर रांग होती. आमदार आले म्हणून बायका बाजूला सरकू लागल्या.

"सरकू नका गं," शिवणवाली म्हणाली. "शेठ, रांग मागून आहे."

शेठ मागं जाऊन उभे राहिले. जवळच्या कुठल्याशा आवारात एक मोटर अडखळत चालली होती, बेअरिंग गेल्यासारखी. शेठांची मान तिकडं वळली. हात आपसूक बाहीकडं गेला. रांग पुढं सरकली. शेठांनी बाही सोडली, बादली उचलली आणि एक पाऊल पुढं टाकलं.