गुट्टा मिळेल, पाय घरनं आणा

गुट्ट्याच्या गोष्टींचं चिखलासारखं आहे. एक पाय धुऊन काढावा, तर दुसऱ्याच्या टाचेला आणखी चार चिकटलेल्या. नाती म्हणतात, आजी, एकच सांग. एक सांगून कुणाचा पाय कोरडा झालाय?

ज्यांनी भाताचं रान बघितलं नाही त्यांना आधी गुट्टा सांगते. आमचं गाव कोल्हापूरच्या पश्चिम अंगाला. रोप लावायच्या आधी रानात पाणी सोडून चिखल करायचा, आणि तो सारखा करायला बैलांच्या मागं लाकडाची जाड फळी बांधायची. तो गुट्टा. वजन पडावं म्हणून त्याच्यावर माणूस उभा राहतो. हातात कासरा, पायाखाली निसरडं लाकूड, बाकी सगळा भार देवावर. आषाढात ह्याचीच शर्यत. पलीकडच्या निशाणापर्यंत उभं राहून पोचला तर पोचला, त्याला फेटा बांधायचा. पडला तो बाद.

माझे धाकटे दीर दिनकर भावजी दर साली बाद. कोल्हापुरात शाहूपुरीत हार्डवेअरच्या दुकानात कामाला, अंगानं शिडशिडीत, डोक्यानं हुशार. पण बायको केली पन्हाळ्याकडची, सुमन, आणि तिच्या वडलांना म्हणजे आबांना गुट्ट्यावरनं पडलेलं कुणी बघितलं नव्हतं. आबा दर साली आमच्या गावची शर्यत बघायला यायचे. भावजी दर साली त्यांच्यासमोर पडायचे. मेहुणे बांधावर बसून दात काढायचे.

"पैला नंबर नगो वैनी," भावजी मला म्हणायचे, "एकदा सासऱ्यासमोर उभा ऱ्हाऊन पलीकडं जाऊ दे."

आणि पडण्याचा दोष कुणाचा? गुट्ट्याचा. म्हणून दर साली नवा गुट्टा.

*

गुट्टे करायचे हसनचाचा. सुतारकीला त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता.

एका साली शेजारगावचा एक गडी जांभळीच्या गुट्ट्यावर जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांच्या दारात रांग. सगळ्यांना जांभळीचाच पाहिजे, तेवढाच लांब, तेवढाच जाड. कोण मागं रेलून उभं राहतो, कोण पुढं वाकून, कोण एक पाय म्होरं टाकून, ह्याचा कुणी विचारच केला नाही. गावच्या जांभळी निम्म्या झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात पोरं झाडाखाली जाऊन नुसती वर बघून यायची.

आषाढात सगळे जांभळीवर चढले आणि सगळे पडले. मग पुन्हा चाचांच्या दारात, ह्या वेळी भांडायला.

चाचांनी रंधा खाली ठेवला नाही. म्हणाले, "मी गुट्टा देतो. पाय घरनं आणा."

*

तात्या पैलवान ह्यांचं वेगळंच. तालमीतलं अंग, सकाळी दूध प्यायला बसले की म्हशीनं मान फिरवावी. त्यांना कुणीतरी सांगितलं, गुट्टा हलका घ्या, बैल पळतात. घेतला हलका. तात्या चढले तसा गुट्टा आमटीत चमचा बुडावा तसा चिखलात गेला. बैलांनी ओढून बघितलं आणि दोघांनी एकदमच मागं वळून बघितलं.

मग जाड करून घेतला. तो नुसताच बैलांना हलंना, तात्या चढायची तर गोष्टच सोडा.

"चाचा, माझ्या मापाचा काय न्हाईच का तुमच्याकडं?"

"हाय की," चाचा म्हणाले, "पण तात्या, त्याला होडी म्हणत्यात."

*

आमच्या मालकांच्या ओळखीचे एक व्यापारी पाव्हणे जयसिंगपूरहून आले होते. गुळाचं बोलायला आले आणि गुट्टा बघत बसले. मला एकदा चढू द्या म्हणून हट्ट. आम्ही म्हटलं, पाव्हणं, पायातलं काढा. ते म्हणाले, चांगल्या कंपनीचे बूट आहेत, सोल धरून ठेवतो.

सोलानं खरंच धरून ठेवलं. चिखलाला. पाव्हणे पुढं गेले, एक बूट मागं राहिला. सगळ्यांनी हात घालून शोधला, मिळाला नाही. पाव्हणे एका पायात बूट आणि एका पायात माझी चप्पल घालून एसटीत बसले.

दिवाळीच्या आधी भात कापताना विळ्याला बूट लागला. मालकांनी निरोप धाडला. पाव्हण्यांचा उलट निरोप आला, दुसरा टाकून दिला. मग तो बूट बरीच वर्षं आमच्या बुजगावण्याच्या पायात होता. एका पायाचं बुजगावणं, पण पाखरं त्यालाच जास्त भ्यायची.

*

आता भावजींची अक्कल ऐका. दुकानात दिवसभर खिळे-बिजागऱ्या मोजून त्यांच्या डोक्यात आलं, की माणूस पडतो ते पाय सुटतो म्हणून. पाय सुटलाच नाही तर? आपल्या पायातल्या कापशी चपला, चांगल्या जाड तळाच्या, त्यांनी गुट्ट्यावर ठेवल्या आणि चारी बाजूंनी खिळे ठोकले. सुमन म्हणाली, अहो, लग्नातल्या हाईत त्या. भावजी म्हणाले, "म्हणूनच. घट्ट बसत्यात."

शर्यतीत बैल सुटले, आणि मी खोटं का सांगू, अर्ध्यापर्यंत भावजी असे ताठ, की मेहुण्यांची बोलती बंद. मग नेहमीसारखे मागं रेलले. चपलांचे अंगठे सुटले, भावजी पाठीवर, आणि चपला मात्र गुट्ट्यावर ताठ उभ्या राहून निशाणाच्या पार गेल्या.

पंचांची वादावादी लागली. एक म्हणाला, पायताण पोचलं म्हणजे माणूस पोचल्यागतच. दुसरा म्हणाला, मग पुढच्या साली सगळे चपलाच पाठवतील. आबा उठले, चपला निरखून बघितल्या.

"जावईबापूंचं पायताण चांगलं हाय," म्हणाले. "उभं ऱ्हातंय."

भावजी दोन दिवस जेवले नाहीत नीट.

*

आमच्या घरच्या रानात गुट्टा कोण मारायचं, असं विचाराल, तर मालकांची पाठ धरलेली आणि भावजी शाहूपुरीत. मग बैलांपुढं मी, आणि साडीचा कासोटा मारून गुट्ट्यावर सुमन. वर्षानुवर्षं असंच. पण ते काम. कामाचा किस्सा कोण करतो?

*

मग आबांचे गुडघे गेले ते साल. गावात पॉवर टिलर फिरायला लागले होते, मेहुण्यांच्या खिशात मोबाईल आले होते. आबा काठी टेकत शर्यतीला आले आणि चहा पिता पिता म्हणाले, पुढच्या साली काय मला येणं व्हायचं न्हाई. भावजींचा कप हातातच राहिला.

"आबा, ह्या वेळी तुम्हीच सांगा, कुठला घिऊ?"

आबांनी सगळे गुट्टे पडवीतनं बाहेर काढायला लावले. फणसाचा, जांभळीचा, रबर मारलेला, चपलांच्या खिळ्यांची भोकं पडलेला. एकेकावर हात फिरवून आबा पुढं सरकत होते. शेवटी गोठ्याच्या भिंतीला टेकलेला घरचा जुना बाभळीचा राहिला. तो उताणा केला तर मधोमध दोन खळगे, पायांनी झिजून झिजून पडलेले. आबांनी त्यात आपलं पाऊल ठेवून बघितलं. मावलं नाही. भावजींनी ठेवलं, टाच बाहेर.

"ह्याच्यावर कोण उभं ऱ्हातंय?"

मी चुलीकडं बघितलं. आबांनी पण बघितलं.

"सुमे, शेवटची पडलीस कवा?"

ती भाकरी उलटत होती. "पडून कसं चालंल आबा? रान कोण करणार?"

आबांनी काठीनं तो गुट्टा भावजींकडं सरकवला. मग म्हणाले, "जावईबापू, ह्योच घ्या. हिला म्होरं घ्या, तुम्ही मागं."

पंच म्हणाले, दोन माणसं चालत न्हाईत, त्यात बाईमाणूस. आबा म्हणाले, वजन दुप्पट, दमतील तर आमचीच बैलं, तुमचं काय जातंय? पंचांनी भावजींचं नाव लिहून घेतलं. बांधावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. सुमनचा कासोटा मी माझ्या हातानं कसला.

बैल सुटले. पुढं कासरा धरून सुमन, मागं तिच्या खांद्याला धरून भावजी. अर्ध्यावर भावजी उतरले. पडले म्हणायचं नाही, अजून रागावतात. सुमन निशाणाच्या पार.

चिखलानं सगळी माणसं सारखीच दिसतात. लाऊडस्पीकरवाला ओरडला, "दिनकरराव पोचले हो!"

रानाच्या मधोमध बसल्या जागेवरनं भावजींनी हात वर केला. "मी हितं हाय! पण गुट्टा आमचाच हाय की!"

आता थांबावं की नाही? पण बैल आमचे, आमचं रान शेजारच्याच बांधाला, आणि पाणी जायला बांध फोडलेला. बैल त्यातनं सरळ आमच्या चिखलात शिरले, आणि सुमननं काही कासरा ओढला नाही. तिथं लोक फेटा घेऊन उभे, आणि ही आपल्या रानात फेरे घालतेय.

आबा फेटा घेऊन काठी टेकत बांधापर्यंत गेले. मागनं निथळत भावजी.

"अगं थांब की!"

"एवढा तुकडा हुंदे आबा," सुमन तिकडनंच म्हणाली. "उद्या बाया हाईत लावणीला."

आबांनी फेटा भावजींच्या हातात दिला आणि स्वतः बांधावर टेकले.

"धरा जावईबापू. ती मोकळी झाली की तिला बांधा."

चिखल लागू नये म्हणून भावजींनी फेटा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला. बांध ओला, अरुंद, निसरडा. सुमनचं रान होईपर्यंत भावजी तसेच आबांसमोर उभे होते, आणि तेवढ्या वेळात एकदाही पडले नाहीत.