तिले सांग

मेश्राम काकांना मी पहिल्यांदा भेटले ती खोली बघायला गेले तेव्हा. नोकरीसाठी अकोल्याहून नुकतीच रायपूरला आले होते. पंडरीच्या कापडबाजारामागच्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मराठी माणसाकडे वरची खोली रिकामी आहे असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. काका अंगणात मुनग्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. मुनगा म्हणजे आपला शेवगा. मी मराठीत बोलले तसे खूश झाले, आणि माझ्याकडेच बघत म्हणाले, "तिले सांग, पाणी आण म्हणा."

मी इकडेतिकडे बघितलं. काकू माझ्या मागंच, ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी उठेनात, माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटी मी वेड्यासारखी म्हणाले, "काकू, काका म्हणतात पाणी आणा." तेव्हा कुठं त्या उठल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, "त्याईले इचार, चहा बी ठेवू का?"

मला वाटलं, नवराबायकोचं चांगलं कडाक्याचं भांडण झालेलं दिसतंय. अशा घरात राहायचं म्हणजे डोक्याला ताप. पण खोली हवेशीर होती, राहिले. आणि थोड्याच दिवसांत कळलं, भांडणबिंडण काही नाही. हे दोघं लग्न झाल्यापासून असंच बोलतात.

लग्न झालं ते गोंदियाकडच्या खेड्यात. घरात सासरा, चुलतसासरे, आत्या. थोरांसमोर सुनेनं नवऱ्याशी तोंड उघडून बोलायचं नाही. मग निरोप धाकट्या नणंदेकडून. पुढं काका रेल्वेत लागले, रायपूरच्या क्वार्टरमध्ये बिऱ्हाड आलं, आता तिथं कोण होतं टोकायला? पण सवय लागलेली. मुलं झाली ती निरोप न्यायला लागली. काकांनी पंडरीत हे घर बांधलं, तरी तेच. मुलगी लग्न होऊन भिलाईला गेली, मुलगा बंगळूरला, आणि वर राहायला मी आले. भाडेकरू कसली, मी त्या घराची टपालवाली होते.

"आणि दोघंच असता तेव्हा हो?" मी एकदा काकूंना विचारलं.

"एकट्यात काय बोलाचं राहते, पोरी? एकट्यात समजते."

आणि खरंच समजायचं. काकांनी चष्म्यासाठी शर्टाच्या खिशावर हात फिरवला की काकू आतून चष्मा घेऊन यायच्या. काकूंनी कमरेवर हात ठेवला की काका बादली उचलायचे. संध्याकाळी बुद्धवंदनेला दोघं शेजारी बसत, आवाजात आवाज मिसळून म्हणत. मी जिन्यात उभी राहून ऐकायची. त्यांच्यात कमी कसलीच नव्हती, हे मला स्पष्ट सांगायचंय. नाहीतर ऐकणारे लगेच "अरेरे" करतात.

फक्त ठरवायची वेळ आली की पंचाईत. काकांचं ठरलेलं वाक्य, "माहं काही नाही बाप्पा, तिले इचारा." काकूंचं ठरलेलं वाक्य, "त्याईले चालते तं मले बी चालते." एका उन्हाळ्यात कूलर घ्यायला आम्ही तिघं सदर बाजारात गेलो. दुकानदार विचारतोय, "बाबूजी, सफेद या हरा?" बाबूजी म्हणतात तिले इचारा. काकू म्हणतात त्याईले इचारा. दुकानदाराचा जीव मेटाकुटीला आला. मागं गाड्यांचे हॉर्न, गर्दी, मला उन्हानं चक्कर यायची बाकी. "हिरवा द्या हो!" मी ओरडले. आठवड्यानं काका हळूच म्हणाले, "पांढरा बरा होता." त्याच दिवशी संध्याकाळी काकू म्हणाल्या, "पांढरा काहून नाही घेतला गं?" मी पोट धरून हसले होते.

पुढं काकांना हार्टचा झटका आला. वाचले. काकूंचे गुडघे तर आधीच गेलेले. संडास अंगणाच्या टोकाला, मध्ये पायऱ्या. बाजार वाढत वाढत दाराशी आलेला. दिवसभर कापडाच्या गाठी उतरवणारे टेम्पो. बंगळूरहून मुलाचे फोन सुरू झाले. लहानपणापासून त्याला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतच. बापाला म्हणायचा, "पापा, मम्मी के घुटने देखो, लिफ्टवाला फ्लैट ले लो." आईला म्हणायचा, "मम्मी, पापा का दिल देखो, वहाँ अस्पताल पास है." पोरगा वाईट नाही. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या.

माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी अकोल्याला गेले, आणि परत आले तर काकूंनी माझ्या हातावर पेढा ठेवला. घर विकलं होतं. बाजारातल्या एका सेठला गोदामासाठी जागा हवी होती. दुबे नावाचा दलाल आला, बोलणी झाली, बयाना झाला. शहराबाहेर, उरला नावाच्या कारखान्यांच्या भागाकडे, सातव्या मजल्यावर फ्लॅटही ठरला होता.

"बरं वाटतंय ना, काकू?"

"हव," त्या म्हणाल्या. छत्तीसगढी 'हव', म्हणजे हो, तिथं सगळ्यांच्या तोंडी, पण काकूंचा ऐकला की नुसती मान हलल्यासारखा वाटायचा. मी पेढा खाल्ला. तो गोड होता एवढंच आठवतं.

निघायच्या दिवशी ट्रक भरून झाला. काकांनी दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तिले सांग, एकदा पाहून घे." मी किल्ली काकूंना दिली. काकूंनी कुलूप उघडलं, आत डोकावल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, पुन्हा कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली. "त्याईले दे. झालं म्हणा." किल्ली काकांकडून सेठच्या मुनिमाकडे गेली. रडलं कुणीच नाही. काकूंनी मुनग्याच्या चार शेंगा पदरात घेतल्या होत्या तेवढंच.

मी दुसऱ्या पाऱ्यात खोली घेतली. वाटलं, सुटले. कसलं काय! चौथ्या-पाचव्या दिवशी काकांचा फोन.

"निशा, तिले सांग, बाल्कनीतले कपडे आत घे म्हणा. काळी धूळ येऊन राहिली कारखान्याची."

"काकू कुठं आहेत?"

"हे काय, समोर. भाजी चिरून राहिली."

"अहो मग सांगा ना!"

"तोंड नाही होत, पोरी. आता या वयात नव्यानं काय सुरू कराचं?"

मी कपाळावर हात मारला, फोन ठेवला आणि काकूंना फोन लावला. काकू, कपडे. काकू म्हणाल्या, "त्याईले सांग, घेतले." फ्लॅटवर मध्ये घालायला माणूसच नव्हता. समोरचं दार सदा बंद, शेजारचे सकाळी जाऊन रात्री येणारे. लिफ्टमधला गार्ड दर आठवड्याला वेगळा. मग दिवसातून दोनतीनदा मी ऑफिसात बसून त्या दोघांना जेवायला बसवायची, गोळी द्यायची, पंखा बंद करायची. ऑफिसातले हसायचे. मीही हसायची. मनातून मात्र चिडायची. कुणी सांगितलं होतं यांना हलायला?

तोच प्रश्न एका रविवारी तोंडातून निघाला. मी फ्लॅटवर गेले होते. काका बाल्कनीचा कठडा पुसत होते, तो ते रोज पुसायचे आणि रोज फडकं काळं व्हायचं. काकू खुर्चीत. ताटात मुनग्याची भाजी होती.

"त्याईले सांग," काकू म्हणाल्या, "बाजारातला मुनगा लाकडासारखा लागते."

"तिले सांग, मग यायची घाई कोणाले होती?"

"मले? मले काहून घाई राहीन? त्याईच्या जिवासाठी आली मी. दुबेनं सांगितलं, काकाजी तैयार हैं."

काकांचं फडकं थांबलं. "दुबेनं मले सांगितलं, काकीजी तैयार हैं."

मला एकदम सगळं दिसलं. मी नव्हते त्या दिवशी. अंगणात काका, आत चुलीशी काकू, आणि मध्ये निरोप न्यायला दुबे. काका त्याला म्हणाले असणार, माहं काही नाही बाप्पा, तिले इचारा. दुबे आत गेला. काकू म्हणाल्या असणार, त्याईले चालते तं मले बी चालते. दुबे बाहेर आला. त्यानं तसं धडधडीत खोटं काहीच सांगितलं नाही, दलालाला जेवढं ऐकायचं होतं तेवढं नेलं आणि आणलं.

"काकू, तुम्हाला घर विकायचं नव्हतं?"

"नाही वं माय."

"काका, तुम्हाला?"

"मी काहून विकीन? एक एक वीट माह्या हातची आहे." मग फडकं पिळत, "तिचे गुडघे..." एवढंच म्हणाले.

मी दोघांच्या मध्ये उभी. पांढऱ्या कूलरवर पोट धरून हसले होते तीच मी. या वेळी हसू आलं नाही, आणि रडूही आलं नाही. काकूंनी टीव्ही लावला. काका पुन्हा कठडा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या ऑफिसखाली येऊन उभे. "सेठकडं चाल." माझ्या स्कूटीवर मागं बसून ते पंडरीला आले. सेठनं बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. काका म्हणाले, "सेठजी, पैसे वापस ले लो. घर दे दो." इतकं सरळ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सेठ खरंच ओशाळला. "काकाजी, अब कहाँ? तोड़ाई चालू है." येताना आमच्या पाऱ्यातून आलो. वरची माझी खोली नव्हती. मुनग्याचं खोड आडवं पडलं होतं आणि त्यावर मजूर बसून बिडी ओढत होते. मी स्कूटी थांबवली, काकांचा पाय विटांच्या भुकटीत टेकला. काका म्हणाले, "चाल, थांबू नको."

फ्लॅटच्या दारात काकू विचारायला लागल्या, "त्याईले इचार, कुठं गेले होते?"

"तिले सांग, सेठ भला माणूस आहे. जपून ठेवलं म्हणा घर."

मी सांगितलं. "काकू, घर जपून ठेवलंय म्हणे." काकू "हव" म्हणाल्या आणि काकांच्या चपलेला लागलेल्या विटेच्या लाल भुकटीकडे बघत राहिल्या. मग खाली वाकून, गुडघा धरून, त्यांनी ती पदरानं पुसली.

त्यानंतर फोन कमी झाले. सांगण्यासारखं उरलं नसावं. मी म्हटलं, बरंय, सवय झाली वाटतं. थंडीतल्या एका सकाळी काकूंचा फोन आला. मी डबा भरत होते.

"निशा, त्याईले सांग ना, उठा म्हणा. चहा थंडा होऊन राहिला."

मी नेहमीप्रमाणे काकांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग काकूंना.

"काकू, काका उचलत नाहीत."

"हव. वाजून राहिला. इथंच उशाशी आहे."

डब्याचं झाकण माझ्या हातात तसंच राहिलं. "काकू, तुम्ही हाक मारा."

पलीकडं कपबशी किणकिणली.

"काकू, ऐका माझं. तुम्ही मारा हाक. मी आहे फोनवर."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. मग काकूंचा आवाज, अगदी हळू, "ऐकता का?" थोड्या वेळानं पुन्हा, मोठ्यानं, "अहो, ऐकता का? उठा ना. आपल्या घरी जाऊ. मी म्हणून राहिली. निशानं नाही सांगितलं, कोणीच नाही सांगितलं. मले जायचं आहे, मले." मग त्यांनी काकांचं नाव घेतलं. मी त्या घरात इतके दिवस राहिले, पण ते नाव काकूंच्या तोंडून तेव्हाच ऐकलं.

मी स्कूटी कशी काढली, कशी पोहोचले, आठवत नाही. मुलगी भिलाईहून आली, मुलगा विमानानं आला. सगळं रीतीप्रमाणं झालं. मुलगा म्हणाला, "मम्मी, मेरे साथ चलो." काकू नाही म्हणाल्या. त्याला सरळ, स्वतःच्या तोंडानं.

परवा गेले होते फ्लॅटवर. काकांचा फोटो बाल्कनीकडं तोंड करून लावलाय. कठडा पुसलेला होता, फडकं वाळत घातलेलं. काकू चहा ठेवता ठेवता फोटोशी बोलत होत्या. आज धूळ लई आहे, दूधवाला आला नाही, पांढरा कूलर आणू म्हणते मी या उन्हाळ्यात, असं सगळं. सवयीनं मी पुढं झाले आणि फोटोकडं वळून तोंड उघडलं.

"तू बस, पोरी," काकू म्हणाल्या. "आता लागत नाही मध्ये कोणी."