चार माईक आणि कमलमावशीचा गळा

नवा माईक दिसला की भीमराजचं डोकं ठिकाणावर राहत नसे. भांडुपच्या टेकडीवर एका खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्यानं स्टुडिओ केलेला. आसपासच्या गायन पार्ट्या, रॅप करणारी पोरं, सगळे त्याच्याकडेच यायचे. हात चांगला, कान त्याहून चांगला. पण नवी वस्तू समोर आली की गडी पाघळलाच! त्या दिवशी अंधेरीच्या एका दुकानदारानं त्याला चार नवे माईक वापरून बघायला दिले होते. आवडेल तो ठेव, बाकीचे संध्याकाळी परत आण.

आणि नेमकी त्याच दिवशी कमलमावशी यायची होती.

कांजूरमार्गची कमलमावशी म्हणजे भीमराजच्या बापाच्या पार्टीतली मुख्य गायिका. तिच्या मांडीवर पेंगत त्यानं भीमजयंतीचे कार्यक्रम ऐकलेले. आता तिच्या घशात गाठ निघाली होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. नंतर आवाज राहील की जाईल, डॉक्टर छातीठोक काही सांगेना. त्याआधी तिला एकच गाणं रेकॉर्ड करून ठेवायचं होतं, तिच्या नवऱ्यानं लिहिलेलं. शेवटच्या अंतऱ्यात कवीनं आपलं नाव गुंफायचं, ही भीमगीतांची रीतच. काकांचंही नाव तसं त्यात होतं. काका जाऊन बरीच वर्षं झाली. शब्द सुनेलाही पाठ होते, पण ते नाव मावशीला स्वतःच्या आवाजात ठेवून जायचं होतं.

"जय भीम रे बाळा," म्हणत ती आत आली. "एकदाच गाणार हं. घसा ताणू नका म्हणालाय डॉक्टर."

"एकदाच, मावशी. आधी जरा माईक बघून घेऊ. नुसता मुखडा म्हण, हळू आवाजात."

इथंच तर सगळी गडबड होती, आणि ती भीमराजला पक्की ठाऊक होती. मुखड्यातच बाबासाहेबांचं नाव होतं, आणि ते नाव कमलमावशी हळू आवाजात घेत नसे. जीव गेला तरी नाही! म्हणून तर भीमराजचा बाप माईक तपासताना तिला नुसतं 'हॅलो, हॅलो' म्हणायला लावायचा. भीमराजनंही तेवढंच केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण हॅलोवर माईकचा कस कसा लागणार? त्याला तो बेंबीच्या देठापासून येणारा आवाजच हवा होता.

पहिल्या माईकवर मावशीनं नाव घेतलं आणि खोली भरून गेली. दुसरा माईक बरा होता. तिसरा पत्र्यासारखा वाजत होता. चौथ्यात मात्र, काय सांगावं, तिच्या आवाजातली खरखरसुद्धा गोड लागली. हेडफोन लावून भीमराज हरखून गेला. "झकास, मावशी! परत एकदा. आता जरा मागं सरकून. आता जवळून." ती मधेच पाणी पीत होती, गळा चोळत होती. त्याला दिसत होतं सगळं. तरी हा पठ्ठ्या म्हणाला, "अजून एकदाच गं."

मग खरं रेकॉर्डिंग सुरू झालं. मुखडा कसाबसा निघाला. पहिल्या अंतऱ्याला आवाज चिरकला, दुसऱ्याला नुसती हवा आली. मावशीनं हातानंच थांब म्हटलं, गरम पाणी घेतलं, पुन्हा उभी राहिली. पुन्हा हवाच. काकांच्या नावापर्यंत काही ती पोचली नाही.

भीमराजकडे चारही माईकवरचे मुखडे होते, एकाहून एक स्वच्छ. शेवटचा अंतरा एकावरही नव्हता. स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली त्याला. सांगून टाकावं, मावशी, मला माहीत होतं गं, तुझा घसा जात होता आणि मी माईक ऐकत बसलो. पण लाजेनं तो वायरी गुंडाळत राहिला.

मावशीच जवळ आली. त्याच्या डोक्यावर हात ठेवून, उरल्यासुरल्या आवाजात कुजबुजली, "माझंच चुकलं रे. तू हळू म्हण म्हणालास, मीच ऐकलं नाही. तुझा दिवस फुकट घालवला."

"असू दे, मावशी," भीमराज म्हणाला.